परातीतले चिंचोके

दर रविवारी सकाळी नऊच्या आसपास माझ्या फोनवर गावाहून एक मेसेज येतो. मजकूर एका ओळीचा. "दादा, आज बावीस फूट." बस्स. ना 'कसे आहात', ना सुप्रभातवाली फुलं. बायको म्हणते, तुमच्या घराण्यात ख्यालीखुशालीसुद्धा फुटात कळवतात का?

हा आकडा म्हणजे तात्यांच्या विहिरीत काठापासून किती खाली पाणी आहे त्याचं माप. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गाव पारनेर तालुक्यातलं. मेसेज पाठवतो तो त्यांचा मुलगा. वाचायला दोन सेकंद लागतात, पण तो आकडा माझ्यापर्यंत पोचायला जवळजवळ नऊ वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट. जरा लांबण लागेल, चहा घेऊनच बसा.

गोष्टीची सुरुवात मात्र विहिरीपाशी नाही, लोणावळ्याच्या एका हॉटेलात झाली. २००८ साल. नव्यानंच टीम लीड झालेल्या आम्हा वीसेक जणांना कंपनीनं दोन दिवसांच्या ट्रेनिंगला नेलं होतं. अशा ट्रेनिंगबद्दल माझं मत तेव्हा चारचौघांसारखंच होतं. जेवण चांगलं असतं! पहिल्या दिवशी दुपारी, म्हणजे ऐन डुलकीच्या वेळी, आम्हाला एक खेळ खेळायला बसवलं. नाव 'बियर गेम'. नाव ऐकून मागच्या रांगेतले खडबडून जागे झाले, पण टेबलावर नुसत्या चकत्या आणि कागद.

हा खेळ अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. चौघं एका ओळीत बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. गिऱ्हाईक दर आठवड्याला दुकानदाराकडे माल मागतं, दुकानदार घाऊकवाल्याकडे, तो वितरकाकडे, असं मागे मागे. मागणीची चिठ्ठी पोचायला वेळ लागतो आणि माल यायलाही. माल पडून राहिला तर खर्च, मागणी पुरी करता आली नाही तर त्याच्या दुप्पट खर्च. आणि एकमेकांशी बोलायचं नाही.

मी कारखाना होतो. पहिले काही आठवडे निवांत गेले. मग मागणी वाढायला लागली. दहा, वीस, चाळीस... मी आपला धडाधड उत्पादन वाढवतोय. आणि एक दिवस चिठ्ठी आली शून्याची. पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य. माझ्यापुढे पेट्यांचा डोंगर. शेजारी वितरक म्हणून टेस्टिंगमधला एक जण बसला होता, त्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

खेळ संपल्यावर ट्रेनर म्हणाले, "गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलत गेली असेल, त्याचा आलेख काढा." दुकानदार सोडून आम्ही सगळ्यांनी डोंगर आणि दऱ्या काढल्या. मग त्यांनी खरा आलेख दाखवला. पहिले चार आठवडे चार-चार पेट्या आणि पाचव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत आठ-आठ. मधे एक पायरी. बाकी सगळं सपाट! डोंगर आम्ही चौघांनीच उभा केला होता. शेजारच्या टेबलांवर बघितलं तर तिथेही तसाच डोंगर. माणसं वेगळी, स्वभाव वेगळे, तमाशा तोच.

मला ती रात्र नीट झोप लागली नाही. (हॉटेलातले डास हेही एक कारण असेल.) दहा वर्षं आपण 'कोणाची चूक' शोधत आलो, आणि इथे तर कोणाचीच चूक नसताना बट्ट्याबोळ झाला होता.

परत आल्यावर वाचायला सुरुवात केली. या विचारपद्धतीचा एक मोठा प्रवर्तक जे फॉरेस्टर हा मुळात आपल्याच गोत्रातला, कॉम्प्युटरवाला. त्यानं एमआयटीत सुरुवातीच्या काळातल्या 'व्हर्लविंड' कॉम्प्युटरवर काम केलं, मॅग्नेटिक कोअर मेमरी घडवण्यात त्याचा मोठा वाटा. १९५६ मध्ये तो मॅनेजमेंट शिकवायला गेला. तिथे त्याला जनरल इलेक्ट्रिकच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचं कोडं भेटलं. कधी तीन-चार पाळ्या, तर काही वर्षांनी निम्मे लोक घरी, असं का? लोक म्हणायचे बाजाराची लहर. त्यानं कागद-पेन्सिलीनं हिशेब मांडून दाखवलं की बाजार स्थिर असला तरी कारखान्याच्या स्वतःच्याच नियमांतून हे हेलकावे येतात. त्यातून १९६१ चं त्याचं पुस्तक झालं. पुढे १९७२ च्या 'लिमिट्स टू ग्रोथ'च्या लेखकांपैकी डोनेला मेडोज हिनं हे सगळं सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलं. ती २००१ मध्ये गेली. तिचं 'थिंकिंग इन सिस्टिम्स' हे पुस्तक नंतर, २००८ साली आलं.

मुद्दा तसा सोपा आहे. आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी घ्या. टाकीत जे आहे तो साठा. वरून येते ती आवक, नळातून जाते ती जावक. साठा एकदम बदलत नाही, हळूहळू बदलतो. साठा बघून माणसं वागणं बदलतात आणि त्या वागण्यानं साठा पुन्हा बदलतो. हे चक्र. चक्रात उशीर असला की गोंधळ वाढतो. गरम पाण्याचा नळ फिरवल्यावर पाणी येईपर्यंत धीर न धरणारा माणूस भाजून घेतो, तसं. घटना बघू नका, घटना ज्यातून निपजते ती रचना बघा. झालं, संपली थिअरी.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे नऊशे झाले. दिसेल त्या कागदावर गोल आणि बाण. ट्रॅफिक का तुंबतो? बाण. मुलीचा अभ्यास का होत नाही? बाण. एकदा बायकोनं करपलेल्या भाजीची कढई पुढ्यात ठेवून विचारलं, "ही पण सिस्टिममुळेच का?" मी गंभीरपणे उत्तर द्यायला लागलो तेव्हा ती उठून गेली.

पण कामात उपयोग झाला, हे खरं. २०११ मध्ये एका शुक्रवारी रात्री आमची प्रणाली बसली. कारण किरकोळ होतं. डेटाबेस दोन-तीन मिनिटं मंदावला होता, मग सावरला. पण बाकीचं काही उठेना. सर्व्हर वाढवले, तेही बुडाले. रात्री दोनला कॉन्फरन्स कॉलवर तीन टीम एकमेकांवर ढकलत होत्या. मी फळ्यावर साठा काढला, 'थांबलेल्या विनंत्या'. मग विचारलं, उत्तर नाही आलं तर तुमचा कोड काय करतो? पहिली टीम म्हणाली, एकूण तीनदा विचारतो. दुसरी म्हणाली, आम्हीही तीनदा. तिसरीही तेच. तीन थर, प्रत्येकी तीन प्रयत्न. म्हणजे माणसानं एकदा बटण दाबलं की तळाच्या डेटाबेसवर सत्तावीस विनंत्या! गर्दी म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून पुन्हा विचारणा, पुन्हा विचारणा म्हणून आणखी गर्दी. प्रत्येक टीमचा नियम शहाणपणाचा होता, तिघांचा मिळून गळफास. उपायही साधा निघाला. पुन्हा विचारणा एकाच थरानं करायची, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून आणि थोडं मागेपुढे करून, म्हणजे सगळे एकाच क्षणी तुटून पडणार नाहीत. समोरचा अगदीच आडवा झाला असेल तर काही वेळ विचारायचंच नाही.

त्या रात्रीनंतर ऑफिसात माझा भाव वधारला. आणि मला वाटायला लागलं, आता आपल्याला कळलंय, आता लोकांना सांगितलं पाहिजे.

आता गावाकडे. तात्यांची पन्नास फुटी विहीर आजोबांच्या काळातली. १९९८ मध्ये पहिलं बोअर, दीडशे फूट. २००४ मध्ये दुसरं, तीनशे फूट. मग डाळिंबाची बाग लावली. २०१२ च्या पावसानं दगा दिला आणि २०१३ च्या मे महिन्यात तात्यांचा फोन आला, बाग जळतीय. मी त्याच दिवशी साठ हजार पाठवले. तिसरं बोअर साडेपाचशे फुटांवर गेलं, पाणी लागलं, बाग वाचली. फोनवर तात्यांचा आवाज भरून आला होता. शहरात राहून आपण गावाच्या उपयोगी पडलो याचं मला इतकं समाधान वाटलं की काय सांगू!

२०१५ च्या दिवाळीला गेलो तेव्हा तिसरं बोअरही आचके देत होतं. अर्धा तास चालायचं, मग नुसती हवा. सोसायटीचं कर्ज होतंच, वर खासगी सावकाराचं झालं होतं. आणि चौथ्या बोअरची बोलणी चालू होती.

मी जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं आणि पाठकोऱ्या बाजूवर बाण काढायला बसलो. पाणी खाली गेलं की बोअर खोल, बोअर खोल गेलं की शेजाऱ्याचं आटतं, मग तो आणखी खोल, की पाणी आणखी खाली. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे काही खालचा समुद्र नाही. पाणी असतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगा पडलेल्या थरांत. जितकं खोल जावं तितका खडक घट्ट आणि पाण्याचा भरवसा कमी. असं सगळं मी पाऊण तास समजावलं. काकू शेव तळता तळता ऐकत होत्या.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, ह्ये बाण आमाला कळत न्हाईत व्हय? शेजारी खाली गेला की माजं आटतं, ह्ये चित्र काढून सांगाया लागतं का? मी थांबलो तर त्यो थांबल का, त्ये सांग. आन् तिसरं बोअर तर तुज्याच पैशानं पाडलं की!"

मी पान उलटं करून ठेवलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. चित्रात पाणी होतं, पाऊस होता, शेजारी होता, बँक होती. मी नव्हतो. पुण्यातून येणारे साठ हजार नव्हते. दुखणं असह्य झालं की माझी गोळी पोचायची, दुखणं दबायचं, आणि 'बाग किती ठेवायची' हा अवघड प्रश्न पुढच्या उन्हाळ्यावर ढकलला जायचा. बियर गेममध्ये मी डोंगर उभा करून वितरकाला शिव्या घातल्या होत्या. सात वर्षं पुस्तकं वाचून पुन्हा तेच केलं होतं.

चौथं बोअर झालं. मी पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. ते कोरडं गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती टीव्हीवर बघताना मला तात्यांचा चेहरा आठवत होता. बागेतली निम्मी झाडं त्या उन्हाळ्यात गेली.

२०१७ च्या मे महिन्यात सुट्टीला गेलो ते व्याख्यान न देण्याचं ठरवूनच. बरोबर मुलगी होती, तेव्हा अकरा वर्षांची. दुपारी ऊन मी म्हणत होतं, सगळे ओसरीवर. काकूंच्या डब्यात चिंचोके होते. मी म्हटलं, चला, एक खेळ खेळू.

परातीत साठ चिंचोके. सहा जण: तात्या, काकू, त्यांचा मुलगा, सून, माझी मुलगी आणि पलीकडच्या बांधाचे शेजारी, ज्यांचं बोअर सगळ्यात खोल. दर फेरीला प्रत्येकानं शून्य ते दहा यातला एक आकडा गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा, तेवढे चिंचोके न्यायचे. परातीत कमी पडले तर जास्त लिहिणाऱ्याचा नंबर आधी, कारण त्याचं बोअर खोल. मग फासा टाकायचा. तीन ते सहा पडले तर पाऊस, परातीत अठरा चिंचोके टाकायचे, पण साठाच्या वर नाही. एक किंवा दोन पडले तर दुष्काळ. एखाद्या फेरीत ज्याला दोन चिंचोकेही मिळाले नाहीत त्याची बाग जळाली, तो बाद. दहा फेऱ्या.

पहिल्या फेरीत एकोणपन्नास गेले. उरले अकरा. पाऊस पडला, झाले एकोणतीस. दुसऱ्या फेरीत शेजारी दहा, चुलतभाऊ दहा आणि माझी मुलगी नऊ. परात रिकामी. तात्या, काकू आणि वहिनी बाद. काकूंनी दोन्ही वेळा चारच मागितले होते. मग फासा पडला, दोन. दुष्काळ. तिसऱ्या फेरीत उरलेले तिघंही गेले. दहा वर्षांचा खेळ तिसऱ्या वर्षी आटोपला.

पोरं हसत होती. काकू नाही हसल्या. म्हणाल्या, "ज्यानं कमी मागितलं त्येच आदी मेलं."

कोणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि त्या दिवशी मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच असावी. एरवी मी लगेच बाण काढले असते.

थोड्या वेळानं शेजारीच म्हणाले, पुन्हा मांडा. या वेळी बोलायची परवानगी आणि चिठ्ठ्या उघड्या. पाच मिनिटं नुसती भांडाभांडी. मग ठरलं, प्रत्येकी तीन, म्हणजे पावसाइतकेच. काकूंनी त्यात भर घातली, दुष्काळ पडला की पुढच्या फेरीला दोनवर यायचं. तीनदा दुष्काळ पडूनही दहा फेऱ्या निघाल्या, सहाही जण शाबूत. साठा हा रोज उपसण्यासाठी नसून वाईट वर्षासाठी असतो, हे वाक्य मी उच्चारलंही नाही.

तात्या परातीकडे बघत बसले होते. म्हणाले, "ह्ये जमलं कारण परातीत किती ऱ्हायलं त्ये दिसतं. भुईतलं कुटं दिसतं?"

मी अवाक झालो. मेडोजनं आपल्या लिखाणात आम्सटरडॅमजवळच्या एका वसाहतीची गोष्ट दिली आहे. एकसारखी घरं, पण काहींचे विजेचे मीटर तळघरात आणि काहींचे पुढच्या दालनात, येता-जाता दिसतील असे. समोर मीटर असलेल्या घरांत वीज साधारण एक तृतीयांश कमी वापरली जायची. ना दंड, ना भाषण. ही गोष्ट मी निदान पन्नास लोकांना सांगितली असेल. आणि आपल्या गावाला मीटर नाही, हे मला चिंचोक्यांपुढे बसलेल्या सातवी शिकलेल्या माणसाकडून कळलं.

खरं तर उदाहरण फार लांब नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या काळात त्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचं बंद केलं, ऊस बंद केला, आणि पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले. पाणी किती, प्यायला किती, मग पिकं कोणती. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आमचे तात्या तिथे दोनदा जाऊन आलेत. पण 'तिथं तसला सरपंच होता' म्हणून विषय मिटायचा. ताळेबंदाआधी मोजणं येतं आणि मोजायला सरपंच लागत नाही, हे त्या दुपारी सुचलं.

पुढच्या रविवारपासून चुलतभावानं मोजायला सुरुवात केली. फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी आणि टोकाला दगड. आधी तात्यांची विहीर, मग शेजाऱ्यांची, मग आणखी चार. आकडे दूध डेअरीच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, कारण तिथे रोज सकाळी सगळा गाव येतो. लोक आधी हसले. महिन्याभरानं कॅन रिकामी होईपर्यंत आकड्यांवर बोलायला लागले. २०१८ चा पाऊस कमी पडला, तेव्हा दिवाळीतच फळ्यावर दिसत होतं की उन्हाळा निघणार नाही. सहापैकी चौघांनी उन्हाळी कांद्याची लागवड निम्म्यावर आणली. तात्यांनी राहिलेली बाग तेवढीच ठेवली, वाढवली नाही.

गाव बदललं वगैरे काही नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात वरच्या आळीत तीन नवी बोअर झाली. त्यातलं एक पाणीदार निघालं आणि आमच्या दोन विहिरी महिन्याभरात चार फूट खाली गेल्या. तेही फळ्यावर आलं. त्यावरून डेअरीपुढे जे भांडण झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण निदान ते आकड्यावरून झालं. तात्यांचं सावकाराचं कर्ज फिटायला २०२१ उजाडलं. माझे पैसे अजूनही जातात. फरक एवढाच, की पाठवण्याआधी मी विचारतो, पाणी कितव्या फुटावर आहे?

ऑफिसातल्या नव्या पोरांना हे कसं शिकवायचं, असं मला अधूनमधून विचारतात. मी अजूनही बियर गेम खेळायला बसवतो. बाण त्यांनाच काढायला सांगतो. चित्र झालं की एकच प्रश्न विचारतो, "यात तू कुठे आहेस?" बहुतेकांच्या चित्रात ते स्वतः नसतात. मी हसत नाही.

गेल्या रविवारी साडेनऊ वाजले तरी मेसेज नाही. मीच फोन लावला. चुलतभाऊ लग्नाला गेला होता, दोरी त्याच्या मुलीनं सोडली होती. "काका, चोवीस फूट," ती म्हणाली. मागून तात्या काहीतरी बोलत होते. ती म्हणाली, "थांबा हं, आजोबा विचारतायत, तुमच्या सोसायटीच्या टाकीत किती हाय?"

टाकीचं उदाहरण मी शेकडो लोकांना दिलं असेल. आमच्या सोसायटीचं स्वतःचं बोअर आहे आणि मार्चपासून टँकरही येतात. किती येतात, टाकी किती लिटरची, कुठपर्यंत भरलेली असते, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

"दहा मिनिटांत सांगतो," म्हटलं. चपला घातल्या आणि वॉचमनला शोधायला खाली उतरलो.